बिशपच्या बदकाचा इतिहास

घर विकत घेताना शहाणी माणसं छप्पर बघतात, भिंतीतली ओल बघतात, मोरीचं पाणी कुठे जातं ते बघतात. आम्ही हे सगळं बघितलं. हिलरीनं, म्हणजे माझ्या बायकोनं, स्वयंपाकघराच्या फरशीवर आडवं पडून कपाटाखालीसुद्धा बघितलं. एकच गोष्ट बघायची राहून गेली. आपण घेतोय ते घर आहे, हे गावाला मान्य आहे का?

विंकर्लीतलं आमचं घर पूर्वी पब होतं. 'बिशपचं बदक' हे त्याचं नाव. ते बंद पडलं, काही वर्षं खिडक्यांना फळ्या ठोकून तसंच उभं राहिलं. मग एका बिल्डरनं आतला काउंटर आणि बिअरचा वास काढून टाकला आणि उरलेलं आम्हाला विकलं. पैकी काउंटर खरोखरच निघाला होता. मी क्लेमंट पॅजेट, क्रॉयडनच्या शाळेत जन्मभर भूगोल शिकवून निवृत्त झालेला माणूस. डर्बीशरच्या डोंगरात एखाद्या शांत खेड्यात राहावं, सकाळी पेपर वाचावा, दुपारी गुलाबांना खत घालावं आणि दिवसभरात शक्यतो कोणाशी बोलावं लागू नये, यापलीकडे माझी महत्त्वाकांक्षा नव्हती. आयुष्यभर मुलांना नद्या कुठून कुठे जातात ते शिकवलं. माणसं कुठून कुठे शिरतात, हा धडा माझ्या पुस्तकात नव्हता.

पहिल्याच रविवारी दुपारी मी ड्रेसिंग गाउन घालून पेपर वाचत होतो. दार ढकलून एक जोडपं आत आलं. पाठीवर पिशव्या, पायांना गुडघ्यापर्यंत चिखल. दोघं आमच्या जेवणाच्या टेबलाशी बसली. पुरुषानं बूट सैल केले आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "दोन बिअर. आणि खायला गरम काय आहे?"

आता कोणीही विचारेल, त्याच वेळी सांगायचं ना, की हे घर आहे म्हणून! पण इतक्या आत्मविश्वासानं मागणाऱ्या माणसाला नाही म्हणायचं, हे आम्हाला लहानपणी शिकवलेलं नाही. मी म्हणालो, "बिअर नाही."

"मग सायडर चालेल," त्यानं मोठ्या मनानं सवलत दिली.

तेवढ्यात हिलरी आमच्या जेवणाचं सूप घेऊन आली. तिनं त्यांच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि ज्या शरमेनं मी गप्प होतो त्याच शरमेनं तिनं सूप त्यांच्यापुढे ठेवलं. दोघांनी ते संपवलं. पाव मागून घेतला. जाताना बाई दारातून वळून म्हणाली, "सूप बरं होतं हं. पण मालकानं गिऱ्हाइकासमोर निदान पॅन्ट तरी घालावी."

त्यानंतर हे नेहमीचंच झालं. डोंगर चढायला येणाऱ्यांच्या कुठल्याशा नकाशात आमच्या घरावर अजून बिअरच्या ग्लासाचं चित्र होतं. आतून कडी लावली तर माणसं खिडकीला नाक लावून बघत. मी आत बसून त्यांच्याकडे बघतोय हे त्यांना दिसे. मग ती मनगटावर बोट आपटून खुणेनं विचारत, उघडता कधी?

"दारावर एक पाटी लाव," हिलरी म्हणाली. "'खाजगी' एवढंच लिही. एक शब्द."

इथे माझं चुकलं. मला वाटलं, एकच शब्द फार उद्धट दिसतो. शिकल्या-सवरलेल्या माणसाच्या दारावर पितळेची छोटी, सुबक पाटी असावी: 'पूर्वीचं बिशपचं बदक. स्थापना अमुक साली. आता खाजगी घर.' साल असलं की मजकुराला वजन येतं. हिलरी म्हणाली, "आलेल्या माणसाला बिअर हवी असते, क्लेमंट, साल नको असतं." पण तोवर मी टोपी घालून साल विचारायला बाहेर पडलो होतो. हात दाखवून अवलक्षण करून घ्यायला तरी निदान ज्योतिषाकडे जावं लागतं. मला रस्तासुद्धा ओलांडावा लागला नाही.

आमच्या खिडकीखाली एक लाकडी बाक आहे. तो घराच्या हद्दीत येतो, म्हणजे कागदोपत्री माझा आहे. पण त्यावर एनक ग्रेटोरेक्स नावाचा म्हातारा बसलेला असतो, आणि एनक कागदपत्रं वाचत नाही.

"काय बदका," तो म्हणाला, "आज मालकीणबाईंनी हाकललं वाटतं?"

या भागात लोक एकमेकांना प्रेमानं 'बदका' म्हणतात. पोस्टमनला म्हणतात, बायकोला म्हणतात, अंत्यविधीला आलेल्या पाद्र्यालाही म्हणतात. क्रॉयडनमध्ये मुलं माझ्यामागे बरंच काही म्हणत असत, पण पक्षी कोणी म्हटलं नव्हतं. मी मानेला हलकासा झटका देऊन ते सोडून दिलं आणि विचारलं, "हा पब केव्हाचा?"

एनकनं पाइप काढला. राजा आणि पार्लमेंटची लढाई चालू असताना, तो म्हणाला, एक बिशप राजाच्या शत्रूंपासून पळत इथे आला. मालकानं त्याला कोठीत लपवलं. बिशपच्या झग्याखाली एक बदक होतं, वाटेत खाण्यासाठी चोरलेलं. शिपाई आले, शोधाशोध झाली, काही सापडलं नाही, ते जायला निघाले, आणि झग्याखालून आवाज आला, क्वॅक! "बिशप पकडला गेला," एनक म्हणाला, "आणि बदक सुटलं. म्हणून हे नाव."

मी साल टिपून घेणार इतक्यात समोरच्या घराचं फाटक वाजलं आणि मिसेस ऑड्री टिडस्वेल रस्ता ओलांडून आल्या. या गावच्या समितीच्या अध्यक्ष. गावात कुठेही कोणी चुकीचं काही बोललं तर ते त्यांना घरात बसून ऐकू येतं.

"धादांत खोटं!" त्या म्हणाल्या. "एनक, या नव्या माणसाच्या डोक्यात काय भरवतोस? बिशप इथे आला तो मिस्टर टिडस्वेलांच्या खापरपणजीच्या खापरपणजीकडे. दुष्काळ होता. तिच्याकडे एकच बदक उरलं होतं, तेही त्या माउलीनं बिशपला रांधून घातलं. टिडस्वेलांचं रक्तच तसं."

"टिडस्वेलांनी कोणाला कधी बिस्किट दिलेलं मी बघितलं नाही," एनक म्हणाला.

"तू घरी बोलावण्याच्या लायकीचा असतास तर दिलं असतं!"

या दोन गोष्टींत चांगल्या शंभर-दीडशे वर्षांचं अंतर होतं. निवाड्यासाठी मी पाद्र्यांकडे गेलो. त्यांनी चहा दिला आणि तिसरीच गोष्ट सांगितली. एका धर्मशील बिशपनं हिरवळीवर प्रार्थना म्हटली तेव्हा तळ्यातून बदक बाहेर आलं आणि त्यानं गुडघे टेकले. बदकाचे गुडघे नेमके कुठे असतात, हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण त्यांचे डोळे पाणावले होते, म्हणून मी केकचा तुकडा उचलून तोंड बंद केलं.

मला राग इतिहासाचा आला नाही. राग आला तो रडारडीचा. कोणाकडेही जा, आधी पाच मिनिटं सुतक. "गावाचं काळीज होतं ते, मिस्टर पॅजेट," ऑड्रीबाई म्हणाल्या, "आणि त्या काळजावर आता तुमचा सोफा आहे."

"तुम्ही नेहमी जात असाल," मी म्हणालो.

"मी? छे! आम्ही शेरी घरीच घेतो. पण तो आहे, हे माहीत असण्यात एक आधार होता."

खाटकानं डोळे पुसले आणि सांगितलं की राणीच्या राज्याभिषेकाच्या दिवशी तो तिथे गेला होता. नंतर? नंतर त्यानं टीव्ही घेतला. डॉक्टर म्हणाले, तसं वातावरण आता कुठेच मिळत नाही. ते कसं होतं असं विचारल्यावर म्हणाले, मी लांबूनच बघत असे, पण खिडकीतला उजेड फार छान दिसायचा. मेलेल्या म्हशीला मणभर दूध, दुसरं काय! आणि म्हैस जिवंत असताना यातल्या एकानंही तिला गवताची काडी घातली नव्हती. उलट म्हैस मारल्याचा आरोप सगळे एकमतानं शेवटच्या मालकिणीवर ठेवत होते. विनी बॅगशॉ तिचं नाव. नवरा वारल्यावर तिचं लक्ष उडालं म्हणे. कधी हसून बोलली नाही. बिअर कोमट, स्वभाव थंड. तिच्यामुळेच पब बुडाला. ती आता गावाच्या टोकाला एका बैठ्या घरात राहते आणि कोणाकडे जात नाही, हा त्यावरचा पुरावा.

हिलरी मात्र तिला ओळखत होती. दोघी शुक्रवारी एकाच बसनं बाजाराला जात. मी विचारलं, "काय बोलते ती?" हिलरी म्हणाली, "काही नाही. म्हणून तर मी तिच्याशेजारी बसते."

साल काही ठरेना. मी ठरवलं, नुसतं 'पूर्वीचं' लिहू. पण तेवढ्यात कोणीतरी, म्हणजे ऑड्रीबाईंनी, मला सांगितलं की आपलं घर जुन्या वास्तूंच्या यादीत आहे, तेव्हा दारावर खिळा मारायलाही परवानगी लागते. मी अर्ज केला. काही आठवड्यांनी जिल्ह्याच्या कचेरीतून मिस्टर पर्सलो आले. उंच, बारीक, नाकाच्या शेंड्यावर थेंब. तो थेंब पडेल म्हणून मी सगळा वेळ त्यांच्या नाकाकडे बघत होतो, आणि बहुधा त्यामुळेच ते काय बोलताहेत तिकडे माझं वेळेवर लक्ष गेलं नाही.

त्यांनी दार मोजलं. पाटीचा नमुना उलटापालटा केला. मग ते रस्त्याच्या मध्यावर जाऊन वर बघत उभे राहिले. दाराच्या वर भिंतीतून एक लोखंडी दांडा बाहेर आला होता. पूर्वी त्याला पबचं चित्र टांगलेलं असे.

"हा दांडा संरक्षित आहे," ते म्हणाले.

"मी त्याला हात लावलेला नाही," मी म्हणालो.

"तेच ना. तो रिकामा आहे. रिकामा दांडा ही अपूर्ण वास्तू. वास्तू अपूर्ण असताना तिच्यावर नवी पाटी लावायची परवानगी देता येत नाही. आधी दांड्यावर मूळचं चित्र परत यायला हवं."

मी थोडा वेळ विचार केला. "म्हणजे हा पब नाही अशी पाटी लावायची असेल, तर आधी पबची पाटी लावायची?"

"तुम्ही लवकर समजून घेतलंत," मिस्टर पर्सलो कौतुकानं म्हणाले. "पुष्कळ लोक इथे चिडतात."

मी चिडलो नाही. तेहेतीस मुलांच्या वर्गात शाईच्या दौती फुटताना जो माणूस चिडला नाही तो एका थेंबासाठी चिडत नाही. मी फक्त घरात गेलो, उशीत तोंड खुपसलं आणि भूगोलाच्या शिक्षकाला शोभणार नाहीत असे काही शब्द उच्चारले. बाकावरून एनकचा आवाज आला, "अगदी बरोबर, बदका!"

चित्र कोण काढणार? हा प्रश्न माझ्यापर्यंत आलाच नाही. तो समितीनं परस्पर सोडवला. ऑड्रीबाईंच्या जावेला कलेची जाण होती, म्हणजे ती चर्चच्या जत्रेसाठी दगडांवर घुबडं रंगवत असे. बदक कुठल्या गोष्टीतलं काढायचं यावरून समितीच्या सभेत एवढा कडाक्याचा वाद झाला की खजिनदारानं राजीनामा दिला आणि चहाच्या वेळी परत घेतला. शेवटी तडजोड म्हणून तिन्ही गोष्टी एकाच फळीवर आल्या. बिशप एकाच वेळी पळतो आहे, जेवतो आहे आणि प्रार्थनाही करतो आहे. शेजारचं बदक गुडघ्यांवर आहे, आणि त्याचा चेहरा थेट ऑड्रीबाईंचा. जावेनं हे मुद्दाम केलं की हातून झालं, ते त्या घरातलं राजकारण, त्यात मी पडलो नाही. ऑड्रीबाईंनी चित्राकडे बराच वेळ बघितलं आणि म्हणाल्या, "बदकाच्या डोळ्यांत काय करारीपणा आहे!"

चित्र दांड्यावर चढलं आणि आमचे उरलेसुरले शांत दिवस संपले. माझ्या पाटीची परवानगी मात्र अजून कचेरीतच अडकली होती. आतापर्यंत फक्त नकाशावाले येत होते. आता रस्त्यावरून जाणारा प्रत्येक जण येऊ लागला. एक दिवस मी बागेतून आत आलो तर दिवाणखान्यात पेन्शनरांची अख्खी सहल बसली होती, आणि बायकांची आमच्या संडासापासून जिन्यापर्यंत रांग होती. रांगेतल्या शेवटच्या बाईनं मला विचारलं, "तुम्हीही थांबलाय का, की तुम्ही इथले नोकर?" मी म्हणालो, "मी इथला मालक." ती म्हणाली, "मग साबण संपलाय."

त्या संध्याकाळी हिलरीनं मला समोर बसवलं. तिचा आवाज चढला असता तर मला बरं वाटलं असतं.

"क्लेमंट, मी मॅटलॉकला बहिणीकडे जायचं म्हणते."

"किती दिवस?"

"ते बदक खाली येईपर्यंत."

"ते खाली आणणं आता गुन्हा आहे, हिलरी. पर्सलो म्हणाले."

"मग पर्सलोंशी संसार कर," ती म्हणाली आणि कपाटावरची बॅग काढायला गेली. बॅग भरली नाही, पण कपाटावर परतही ठेवली नाही. ती पलंगाच्या पायाशी उघडी पडून राहिली. रोज सकाळी उठलं की मी आधी तिच्यात डोकावून बघे. पहिल्या दिवशी हातमोजे होते. मग चपला आल्या. मग भिंतीवरचा तिच्या आईचा फोटो आला.

आणि अशा वेळी ऑड्रीबाई आल्या आणि म्हणाल्या, चित्राचं अनावरण करायचं. "टांगलंय ना आधीच," मी म्हणालो. "अनावरणाशिवाय टांगणं म्हणजे बाप्तिस्म्याशिवाय पोर," त्या म्हणाल्या. रविवारी चर्च सुटल्यावर, हिरवळीवर, छोटासा समारंभ. पाऊस पडला तर? "पडला तर मग तुमच्याकडे. पब कशासाठी असतो!"

पाऊस पडला. डर्बीशरात तो पडायचा राहील अशी आशा मला होती, यावरून माझ्या मनाची अवस्था लक्षात यावी.

अख्खं गाव आमच्या दिवाणखान्यात आलं. ओल्या रेनकोटांचा ढीग जिन्यावर पडला. ऑड्रीबाईंनी शेरी आणली, पाद्र्यांनी घरच्या सलगमांची वाइन आणली. ती प्यायल्यावर माणूस खरोखरच देवाचं नाव घेतो. एनक न सांगता माझ्या आरामखुर्चीत बसला. "हा माझा कोपरा," तो म्हणाला. "खुर्ची नवी आहे, चालेल." खाटकानं येताना डार्ट फेकायचा तबकडीवजा बोर्ड आणला होता. तो त्यानं भिंतीवरच्या एका मोकळ्या खिळ्याला अडकवला. त्या खिळ्यावर पूर्वी हिलरीच्या आईचा फोटो असे.

मग भाषणं झाली. प्रत्येकानं काळजाबद्दल सांगितलं. डॉक्टरांनी खिडकीतल्या उजेडाबद्दल सांगितलं. ऑड्रीबाईंनी सांगितलं की काही लोकांनी हे गावाचं धन सांभाळलं नाही, त्यांचं नाव मी घेणार नाही. आणि मग विनी बॅगशॉचं नाव घेतलं. माझ्या घरात, माझ्या गालिच्यावर उभं राहून, माझे ग्लास हातात धरून ही मंडळी माझ्या घरासाठी रडत होती, आणि त्यातल्या एकानंही मला 'बसा' म्हटलं नाही. मी खिडकीच्या कठड्याला टेकून उभा होतो. हिलरी दिसत नव्हती. ती वर बॅग भरतेय, या कल्पनेनं मला भाषणांतला एक शब्दही कळेना.

पाहुण्यांना जा म्हणून सांगायची आमची एक रीत आहे. मांडीवर थाप मारायची, "बरं तर मग" असं म्हणायचं आणि घड्याळाकडे बघून दचकायचं. मी हे केलं. कोणी हललं नाही. पुन्हा केलं. खाटक म्हणाला, "पायात गोळा आला का हो?" मी रिकामे ग्लास गोळा करू लागलो, तर लोकांनी ते भरूनच परत मागितले. मी खिडकी उघडली, तर सगळे म्हणाले, वा, काय हवा! एका क्षणी मी खरोखर, माझ्याच घरात, जिन्याखालच्या कोपऱ्यात रेनकोटांवर जाऊन बसलो. तिथे मला कोणाचातरी कुत्रा भेटला. तोही घरी जायच्या विचारात होता.

तेवढ्यात दार उघडलं आणि हिलरी आत आली. ती वर नव्हतीच. ती भिजलेली होती, आणि तिच्याबरोबर एक बुटकी म्हातारी होती. डोक्याला रुमाल, अंगात करडा रेनकोट, हातात बाजाराची पिशवी. खोलीतला आवाज मागून पुढे असा विझत गेला.

"विनी," ऑड्रीबाई म्हणाल्या. त्यांच्या हातातला ग्लास थोडा खाली आला. "आम्ही आत्ताच म्हणत होतो, की..."

"ऐकलं," विनी म्हणाली. "रस्त्यापर्यंत ऐकू येतंय. तुझा आवाज पहिल्यापासूनच तसा, ऑड्री. लग्नाआधी इथल्या टेबलावर चढून गायचीस तेव्हाही तसाच होता."

पाद्र्यांनी ऑड्रीबाईंकडे बघितलं. ऑड्रीबाईंनी शेरीकडे बघितलं.

विनीनं रुमाल सोडला. खोलीभर नजर फिरवली, प्रत्येक चेहऱ्यावर थोडी थोडी थांबवत. मला वाटलं, आता ही बोलणार. इतकी वर्षं जे ऐकून घेतलं ते आता सगळं परत करणार. माझ्या, खरं सांगायचं तर, तोंडाला पाणी सुटलं. पण तिनं भिंतीवरच्या आमच्या घड्याळाकडे बघितलं. दोन वाजले होते, म्हणजे रविवारी दुपारी पब बंद व्हायची वेळ. ती शेगडीजवळ गेली, कोळसे सारायची सळई उचलली, आणि पितळेच्या कोळशाच्या बादलीवर तीनदा हाणली.

"वेळ झाली, मंडळी! वेळ झाली! ग्लास रिकामे करा! तुम्हाला घरं नाहीत का?"

त्या एवढ्याशा बाईच्या पोटातून तो आवाज कुठून आला, देव जाणे. पण मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. अख्ख्या खोलीनं एका घोटात ग्लास संपवले. डॉक्टरांनी, जे म्हणे लांबूनच उजेड बघत असत, ग्लास उलटा करून टेबलाच्या कडेला ठेवला, जसा फक्त सराईत माणूस ठेवतो. खाटकानं डार्ट गोळा केले. पाद्री दाराकडे निघाले. ऑड्रीबाई, गावच्या समितीच्या अध्यक्ष, रेनकोटाची बाही शोधत पुटपुटल्या, "ओव्हनमध्ये मांस करपत असेल."

"एकच अर्धा ग्लास, विनी," एनक माझ्या खुर्चीतून म्हणाला. "पाऊस आहे बाहेर."

"तुझं हे वाक्य मी तुझ्या लग्नाच्या दिवशीही ऐकलंय, एनक. ऊठ."

तो उठला. दार बंद झालं. घरात आम्ही तिघंच उरलो आणि जिन्याखाली तो कुत्रा.

मी विनीकडे वळलो. "म्हणजे ही सगळी येत होती?"

"येत होती की! तरुण होती तेव्हा उठवून लावावी लागायची. मग एकेकानं यायचं सोडलं. का, ते कोणी सांगितलं नाही. हॅरल्ड होता तोवर तो हसवायचा, गोष्टी सांगायचा. तो गेल्यावर मला गोष्टी कुठे येतात!"

"बिशपची गोष्ट," मी लगेच म्हणालो. माझ्यातला शिक्षक मेला नव्हता. "त्या तिघांतली खरी कुठली? मला फक्त साल हवंय."

विनीनं माझ्याकडे असं बघितलं की मी पुन्हा ड्रेसिंग गाउनमध्ये असल्यासारखं वाटलं. "तिन्ही हॅरल्डच्याच. एनकला लढाया आवडायच्या, म्हणून त्याला लढाई सांगितली. टिडस्वेलाला घराणं आवडायचं. पाद्र्याला गुडघे. गिऱ्हाइकाला हवं ते द्यायचं, हा धंदा आहे. आम्ही घेतलं तेव्हा नाव होतं 'नवी सराय'. बदक हॅरल्डला काढता यायचं, म्हणून त्यानं बदक काढलं."

हिलरी हसायला लागली. किती दिवसांनी हसली ती! हसता हसता वर गेली, आणि उघड्या बॅगेतून आईचा फोटो काढून खाली आली. तिनं डार्टचा बोर्ड काढून कोळशाच्या बादलीमागे टाकला आणि फोटो जागेवर लावला. मी फोटोकडे इतक्या प्रेमानं त्यापूर्वी कधीच बघितलं नव्हतं.

"बसा ना विनी," हिलरी म्हणाली. "शेरी उरलीय."

विनी घुटमळली. तिनं सवयीनं मागच्या भिंतीकडे, जिथे पूर्वी काउंटर होता तिकडे, एक पाऊल टाकलं. मग वळली आणि खिडकीपाशी, जिथे गिऱ्हाइकं बसत, तिथे आमच्या सोफ्यावर पिशवी मांडीवर घेऊन टेकली. "अठ्ठावीस वर्षं तिकडे उभी होते," ती म्हणाली. "या बाजूला कधी बसलेच नव्हते."

मला गहिवरून आलं. गावाकडे तुच्छतेनं बघण्यात गेलेल्या एवढ्या महिन्यांत पहिल्यांदाच. मी तिच्या हातात ग्लास दिला आणि हळुवारपणे विचारलं, "कसं वाटतं, या बाजूनं?"

तिनं एक घोट घेतला. खोलीकडे बघितलं. मग खांदे आवळले, मानेमागे हात नेला, वळून खिडकीच्या चौकटीकडे बघितलं, आणि तिच्या चेहऱ्यावर मोठं कोडं सुटावं तसा उजेड पसरला.

"अगंबाई!" ती म्हणाली. "हे बघा की! मानेवर केवढा गार वारा येतो इथे! तरुणपणी नसेल कळत. पण चाळिशीनंतर कोण बसेल हो इथे?"

आणि ग्लास उचलून ती हिलरीबरोबर स्वयंपाकघरात गेली, कारण तिकडे ऊब होती.